मधूची फायनल

मधू पालशेतकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाथरूमच्या नळाशी झटापट करत होतो. वायसर बदलायचा तर आधी वरचा कॉक बंद करायचा, हे मधूने मला सौदीत जुबैलला असताना तीन वेळा शिकवलं होतं. मी तो बंद केला नव्हता. पाण्याची चिळकांडी थेट चष्म्यावर, एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून सुलभावहिनी म्हणाल्या, "कप्तान, हे गेले. सकाळी." त्यावर मी म्हणालो, "बरं बरं, मी पाच मिनिटांत करतो." खरंच असं म्हणालो. वाण्याचा फोन असावा तसा ठेवून दिला. मग ओल्या फरशीवर बसलो तेव्हा कुठे ते शब्द आत उतरले. आयुष्यभर पाइप जोडणारा माणूस गेला होता आणि माझ्या घरात नळ वाहत होता.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्याच्या आधी पंधरा दिवस मी त्याला चिपळूणच्या दवाखान्यात भेटून आलो होतो. नुसता भेटायला गेलो नव्हतो, एक गोष्ट सांगायला गेलो होतो. चाळीस वर्षांपूर्वी मी त्याच्याशी खोटं बोललो होतो आणि ते या वेळी कबूल करायचंच, असं ठरवून पुण्याहून एसटीत बसलो होतो. कुंभार्ली घाटात तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवली. "मधू, त्या कॅसेटचं काय झालं, सांगतो." इतकंच म्हटलं की पुढचं आपोआप येईल, असा हिशेब. आणि दवाखान्यात गेल्यावर मी काय केलं? तासभर विनोद सांगितले. कॅम्पातल्या आचाऱ्याने साखर समजून खिरीत मीठ घातलं तो किस्सा, मी वाळवंटात उंटाला हॉर्न दिला आणि उंटाने गाडीच्या बॉनेटवर मान ठेवली तो किस्सा. मधू हसत होता, हसताना धाप लागत होती, आणि धाप लागली की मी पुढचा किस्सा काढत होतो. निघताना त्याने माझा हात धरला. बोटं पूर्वीसारखी नव्हती, काटक्यांसारखी झाली होती. म्हणाला, "कप्तान, आणखी काय सांगायचा हाय काय?"

"नाही रे. आता पुढच्या खेपेला."

"बरं," तो म्हणाला. "सावकाश जा."

...पुढची खेप झाली ती त्याच्या तेराव्याला.

हे कप्तान प्रकरण आधी सांगायला हवं. मी क्रिकेट कसा खेळायचो हे कृपा करून विचारू नका. जुबैलला मी टाइमकीपर होतो. वाळूतून एक अख्खं शहर उभं राहत होतं, तेलाच्या पैशाला नुसतं उधाण आलं होतं आणि रोज कुठे ना कुठे नवा प्लँट सुरू होत होता. आमच्या कंपनीचे चारशे कामगार सकाळी कितीला आले, संध्याकाळी कितीला गेले, हे लिहिणं माझी नोकरी. कुणाला दहा मिनिटं उशीर झाला की मी लाल शाईने खूण करायचो आणि त्यात मला मोठा अभिमान वाटायचा. शुक्रवारी मैदानावर न्यायला बस लागे, तिच्या परवानगीचा कागद माझ्याकडे. बॅट, स्टंप आणि काथ्याची मॅट ठेवलेल्या खोलीची किल्लीही माझ्याकडे. म्हणून मी कप्तान. अकराव्या नंबरला यायचो, स्लिपमध्ये उभा राहायचो आणि झेल आला की अंग चोरायचो. एवढ्या गुणांवर माणसं मला 'कप्तान' म्हणायला लागली. मधू पुढे चाळीस वर्षं म्हणत राहिला.

मधू गुहागरकडचा. कॅम्पात आमच्या खोलीत सहा पलंग, त्यातला कूलरसमोरचा माझा आणि दारापाशी धूळ येणारा त्याचा. का, तर मी आधी आलो होतो म्हणून. तसा नियम होता. माणूस हडकुळा, बोलणं कमी, पण चेंडू हातात आला की वेगळाच. टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळून आम्ही खेळायचो. सेफ्टी शूज घालून, चार पावलं चालल्यासारखी टाकून तो असा काही चेंडू सोडायचा की तो मॅटवर पडून सापासारखा आत शिरायचा. हे त्याला वडिलांनी शिकवलेलं. आबा बोटीवर खलाशी होते. घरी आले की अंगणात एक फळी उभी करून पोराला कच्च्या सुपाऱ्या फेकायला लावायचे, सुपारी फळीला लागली तरच जेवण. या आबांना आता अर्धांगवायू झाला होता. डावा हात तेवढा चालत होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मधूने पहिल्याच वर्षी कुणाबरोबर तरी टेपरेकॉर्डर घरी धाडला. त्या काळात आम्ही सगळेच कॅसेटी पाठवायचो. जो रजेवर जाईल त्याच्या बॅगेत आठ-दहा कॅसेटी, येताना तितक्याच परत. एका बाजूला आपण बोलायचं, दुसरी बाजू घरच्यांसाठी कोरी सोडायची. बाकीचे कॅसेटवर रडायचे नाहीतर साड्यांचे रंग विचारायचे. मधू मॅचचं वर्णन करायचा. आबा ते डाव्या हाताने पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचे.

त्या वर्षी आमची टीम छोट्या लीगच्या फायनलला पोचली. लीग दोन होत्या. मोठी लीग इंजिनिअर, साहेब मंडळींची. त्यांना सिमेंटची खेळपट्टी, खरा चामड्याचा चेंडू, पांढरे कपडे. छोटी लीग आम्हा कॅम्पवाल्यांची. बाउंड्रीला रिकामी पिंपं आणि वारा सुटला की अर्धी खेळपट्टी डोळ्यात. आम्ही पहिल्यांदाच फायनलला गेलो होतो आणि गेलो ते मधूमुळे. अख्ख्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त विकेटी त्याच्या. फायनलच्या दहा-बारा दिवस आधी आबांची कॅसेट आली आणि मधूने ती खोलीत सगळ्यांना ऐकवली. जड जिभेने, थांबत थांबत म्हातारा म्हणत होता, "मधू... फायनलात तू टाकशील तो एकेक बॉल मला सांग. ता ऐकल्याबिगर मी काय जायचा नाय." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे मी जे केलं ते अजाणता केलेलं नाही.

आमच्याच कंपनीत प्रधान नावाचे इंजिनिअर होते, नाशिकचे, विद्यापीठाकडून खेळलेले, मोठ्या लीगमधले सगळ्यात भारी बॅट्समन. मचाणाच्या शिडीवरून पाय घसरून त्यांचा गुडघा दुखावला होता, प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तीन आठवड्यांनी त्यांची मोठी फायनल. त्याआधी गुडघा चालतो की नाही हे एखाद्या खऱ्या मॅचमध्ये बघायला मिळालं तर बरं, असं ते जेवताना कुणाशी तरी बोलले आणि ते माझ्या कानावर आलं. लीगचा नियम असा होता की कंपनीच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, असलेला कुठलाही माणूस कंपनीच्या कुठल्याही टीमकडून खेळू शकतो. टॉसच्या आधी दोन्ही कप्तान एकमेकांचे इकामे तपासायचे, कंपनीचा शिक्का दिसला की झालं. प्रधानसाहेबांच्या इकाम्यावरही तोच शिक्का होता. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ऑफिसात जाऊन उभा.

माणूस सज्जन. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "कुणाची जागा तर घेत नाही ना मी?"

"छे छे साहेब. आमच्या एकाचं बोट दुखावलंय. तसाही तो खेळणार नव्हता."

किती सहज आलं हे तोंडातून! कुणाचं बोट, हेसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं. मग मी यादी घेऊन बसलो. बॅट्समन आणायचा तर एखादा कच्चा बॅट्समन काढायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एक जण मेसचा आचारी होता. त्याला काढला तर महिनाभर डाळीत पाणी. एक बसचा ड्रायव्हर. तो आम्हाला मैदानात सोडून निघून गेला असता. एक फोरमनचा मेहुणा. एकाच्या तोंडी फक्त शिव्या. असं करत करत शेवटी एकच नाव उरलं, जो भांडणार नाही असं. मी मधूला काढला तो त्याची बोलिंग कमी पडत होती म्हणून नाही. तो काही बोलणार नाही याची खात्री होती म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी मेसच्या दारावर यादी चिकटवली आणि स्वतः न्हाणीघरात जाऊन दडलो. शूर कप्तान! तीन वेळा अंघोळ केली. बाहेर आलो तर मधू दारातच टॉवेल खांद्यावर टाकून उभा. मला वाटलं, आता बोलेल. त्याने विचारलं, "कप्तान, उद्या बर्फ मेसमधून आणू की कॅन्टीनमधून? मेसचा लवकर इतळतो." बाराव्या खेळाडूने पाणी न्यायचं असतं, म्हणून विचारत होता.

शुक्रवारी दुपारी समोर बाबूमियाँची टीम होती, हैदराबादी इलेक्ट्रिशियन. इकामे बघताना बाबूमियाँ प्रधानसाहेबांच्या फोटोपाशी थांबले. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "क्यों मियाँ, ये तो बड़ी लीग वाले साब हैं ना? हमारी गली में कायकू?"

"रूल देख लो बाबूभाई. शिक्का कंपनी का है."

"रूल तो देख लिया, मियाँ." त्यांनी इकामा परत दिला. "अब घर जाके जरा आईना देखो."

आमचे लोक हसले. मीही हसलो. हसण्यात मी कधीच मागे नसतो.

प्रधानसाहेबांनी काय बॅटिंग केली! टेपचा चेंडू त्यांना नवा होता, पहिली दोन षटकं चाचपडले. नंतर बाबूमियाँची माणसं नुसती पिंपांपलीकडे वाळू तुडवत होती. रोज बारा तास शिडीवर उभं राहून केबल ओढणारी माणसं ती, एका शुक्रवारसाठी वर्षभर खेळलेली. त्यांच्या बोलरच्या चेहऱ्याकडे मी एकदा पाहिलं, मग मान वळवून स्कोअर बघितला आणि पुन्हा बरं वाटलं. मधू बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर टेपरेकॉर्डर. थोडं बोलायचा, बटण बंद करायचा, पुन्हा बोलायचा. मी लांबून बघत होतो, त्याचे ओठ हलताना दिसत होते. हा आता बापाकडे माझी कागाळी करतोय, अशी मनोमन खात्री झाली. मी असतो तर तेच केलं असतं.

डाव संपल्यावर प्रधानसाहेब लंगडत आले आणि नेमके मधूपाशी थांबले. बाहेर बसलेला एकटाच तो, त्यांनी अंदाज केला असणार. आपुलकीने विचारलं, "बोट कसं आहे आता?"

मधूने आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. "बरं हाय साहेब," तो म्हणाला आणि उजवा हात पाठीमागे घेतला.

बाबूमियाँच्या डावाची शेवटची चार षटकं उरली तेव्हा साहेबांचा गुडघा सुजला. ते बाहेर खुर्चीवर बसले आणि त्यांच्या जागी बदली म्हणून मधू मैदानात आला. बदली खेळाडूला फील्डिंग करता येते, बोलिंग करता येत नाही. आमच्या बोलरना ठोकून काढत होते, सामना हातातून चालला होता, आणि ज्याच्या जिवावर इथवर आलो तो माणूस लाँगऑनला कमरेवर हात ठेवून उभा. मी त्याला चेंडू देऊ शकत नव्हतो. शेवटची जोडी, त्यांना चार धावा हव्यात, आणि बाबूमियाँनी चेंडू उंच आभाळात मारला. मी ओरडलो. मधू पिंपांकडे पाठ करून मागे मागे गेला आणि छातीशी झेल घेतला.

आम्ही जिंकलो. संध्याकाळी मी स्कोअरबुक पुरं करत होतो, मधू खांद्यावरून वाकून बघत होता. शेवटच्या विकेटपुढे मी लिहिलं, 'झे. बदली'.

"नाव नाय लिहीत काय?"

"बदलीचं नाव लिहायची पद्धत नसते."

"हां. पद्धत नसंल तर नको," तो म्हणाला.

आजकाल पेपरात कधी वाचतो, की अमुक मोठा खेळाडू दुखापतीतून उठतोय म्हणून खालच्या स्पर्धेच्या बाद फेरीत उतरला, नियमात बसतं. वाचलं की मी पेपर घडी करून बाजूला ठेवतो. बसतं ना, नियमात सगळं बसतं. शिक्का बरोबर होता, प्रधानसाहेब सज्जन होते, आम्ही एकही धाव चोरली नाही. पण मोठ्या खेळाडूला परत जायला त्याचं मोठं मैदान असतं. आमची फायनल त्याच्या गुडघ्याची परीक्षा होती. मधूला तेवढी एकच फायनल होती. गुडघा तपासायला जाळीतला सराव असतो, साखळीतले रडतराऊत सामने असतात. वर्षभर ज्यांनी वाळू खाल्ली त्यांचा शेवटचा घास कशाला? हे मला आज इतकं स्वच्छ कळतं. तेव्हा बाबूमियाँना कळलं होतं, आरशाचं ते काही उगाच बोलले नव्हते. मला कप दिसत होता. तो कप पुढे मेसमध्ये चमचे ठेवायला वापरला.

इथवरच थांबलं असतं तर मी हा लेख हसत लिहिला असता. फायनलनंतर चार दिवसांनी माझी रजा सुरू होणार होती. मधूने ती कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे दिली. "आबांच्या हातात दे. आणि दुसरी बाजू कोरी हाय. ऐकून झाल्यावर ते काय बोलतात ते भरून आण. तू स्वतः बस त्यांच्याजवळ, त्यांना ते लाल बटण दाबायला जमत नाय."

मी घरी आलो, साताऱ्याला. तिथून गुहागर एका दिवसाचा प्रवास. पहिल्या दिवशी दमलो होतो. दुसऱ्या दिवशी पाहुणे. चौथ्या दिवशी मी कॅसेट बॅगेतून काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसलो. हिच्यात माझ्याविषयी काय काय असेल! मी म्हाताऱ्यापाशी बसणार, कॅसेट लागणार आणि त्याचा मुलगा सांगणार, की आबा, ह्या शेजारी बसलेल्या माणसाने मला काढलं. मी बोटाची थाप मारली तेही सांगणार. ते ऐकताना मी चेहरा कुठे ठेवू? आधी ऐकून बघावी असंही वाटलं, पण दुसऱ्याचं पत्र फोडू नये म्हणून ऐकली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सभ्यपणा कसला, घाबरलो होतो. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत चौदा दिवस गेले. चारशे माणसांचा दहा-दहा मिनिटांचा उशीर लाल शाईने लिहिणारा मी.

पंधराव्या दिवशी गेलो. अंगणात दोन पुरुष बसलेले, डोकी केलेली. एक मधूचा चुलतभाऊ. चार दिवसांपूर्वी आबा गेले होते. मधूला तार केली होती, पण त्याच्या रजेला अजून अकरा महिने होते आणि पासपोर्ट कंपनीकडे. सुलभावहिनी आतून पाणी घेऊन आल्या. तेव्हा त्यांच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. म्हणाल्या, "मामंजी रोज विचारायचे, कप्तान आला काय? ह्यांचं पत्र पुढे आलं होतं ना, की तुम्ही फायनल घेऊन येताय. टेपरेकॉर्डर उशाशी घेऊन ठेवला होता. शेवटचे दोन दिवस बोलणं गेलं, पण डावा हात त्या बटणांवरच."

मी म्हणालो, "आई आजारी होती माझी." आई ठणठणीत होती, त्या दिवशी मला डबा तिनेच करून दिला होता. कॅसेट शर्टाच्या खिशात होती, पाणी पिताना छातीला टोचत होती. ती मी बाहेर काढलीच नाही.

जुबैलला परतलो तेव्हा मधू बसपाशी उभा होता. डोकं केलेलं, कॅम्पातल्याच कुणाकडून करून घेतलं असणार. त्याने माझी बॅग हातात घेतली आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "आबांनी ऐकली?"

आणि मी म्हणालो, "ऐकली."

"सगळी?"

"सगळी. झेल घेतलास तेव्हा हसले."

तो थांबला. बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि दुसरी बाजू?"

"बोलायची ताकद नव्हती रे तेव्हा त्यांना... कॅसेट तिथेच राहिली."

"असू दे," मधू म्हणाला. "ऐकली ना. खलास." पुन्हा बॅग उचलली. त्या दिवसापासून पुढे कित्येक दिवस तो माझा चहा मेसमधून स्वतः आणून द्यायचा. आबांना त्यांची फायनल पोचवणारा माणूस होतो ना मी.

आता मधूच्या तेराव्याला जेवणं आटपल्यावर मी सुलभावहिनींना बाजूला बोलावलं. म्हटलं, मधूला नाही सांगता आलं, निदान यांना सांगू. सुरुवात केली, "वहिनी, ती कॅसेट..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "ठाऊक आहे, कप्तान. ह्यांना पण ठाऊक होतं. अकरा महिन्यांनी रजेवर आले, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, ती कॅसेट कुठे आहे. मी सांगितलं, कसली कॅसेट? कप्तान आले तोवर मामंजी गेले होते. तर कितीतरी वेळ मागल्या दारी बसून राहिले."

"मग मला कधी काही बोलला कसा नाही?"

"मी म्हटलं होतं, विचारा की त्यांना. तर बोलले, नको. तो येईल आपणहून सांगायला. सांगायला आला की मगच बोलू." त्या पदराने हात पुसत राहिल्या. "दवाखान्यात तुम्ही निघालात ना, तेव्हा मला म्हणाले, आज सांगणार होता. चेहऱ्यावर दिसत होतं."

...चाळीस वर्षं. चाळीस वर्षं तो मला जागा करून देत होता, प्रत्येक भेटीत, 'आणखी काय सांगायचा हाय काय' म्हणून, आणि मी उंटाचा किस्सा सांगत होतो.

घरी आल्यावर मी लोखंडी ट्रंक उघडली. कॅसेट तिथेच होती, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचे आता तुकडे पडत होते. टेपरेकॉर्डर मिळवायला आठवडा गेला. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने मला वेड्यात काढलं. आणि मग चाळीस वर्षं जिला घाबरलो ती कॅसेट लावली. आधी वारा. मग मधू, पंचविशीतला, कोवळा आवाज.

"आबा, आज फायनल हाय. आज मी बारावा. वाईट वाटून घेऊ नको. कप्तान माझ्याकडं आला, बोलला, मधू, साहेबांचा गुडघा बघायचा हाय, काय करू तूच सांग. मीच बोललो, मला काढ, साहेबांना घे. कप्तान तयारच नव्हता. चांगला माणूस हाय. हाच कॅसेट घेऊन येईल, त्याला सोलकढी पाज..."

पुढे प्रधानसाहेबांचा एकेक फटका, कौतुकाने. मग, "आबा, मला बोलावतायत, हे चालूच ठेवतो," आणि पावलांचा आवाज लांब जातो. नुसता वारा, लांबचा गलका. त्यात एकदम माझाच आवाज, फाटका, "मधूऽऽऽ!" मग आरडाओरडा. मग धापा टाकत तो परत येतो. "घेतला, आबा. झेल घेतला. कप्तान बघ कसा रडतोय येडा... आता तू बोल. बाजू पलट."

मी बाजू पलटली. काहीच नाही, नुसती खरखर. स्कोअरबुकही ट्रंकेत होतं. 'बदली' खोडून 'पालशेतकर' लिहिलं, पद्धत गेली खड्ड्यात. लिहून बघत बसलो. काही झालं नाही. कुणाला दाखवणार?

एकदा ते लाल बटण दाबून दुसऱ्या बाजूवर मीच बोलायला बसलो होतो. घाटात जुळवलेलं वाक्य पाठ होतं. पण ही जागा आबांची आहे हे आठवलं आणि बटण सोडून दिलं. आता दर शुक्रवारी दुपारी मी तीच बाजू लावतो. आबा बोलले असते तर किती बोलले असते, तेवढा वेळ बसतो. अर्धा तास खरखर चालते, मग बटण आपोआप खट्कन वर येतं.